रिटचिंग

चाळीस वर्षं मी मिरजकर तिकटीच्या स्टुडिओत
लोकांचे तीळ काढले.
तीळ म्हणजे निगेटिव्हवर एक उजळ भोक.
काच तिरकी धरायची, मागं दिवा,
शिसपेन्सिलीला सुईसारखं टोक
आणि श्वास आत ओढून ते भोक भरत जायचं,
ठिपक्याला ठिपका लावून.
किती नवऱ्या माझ्या हाताखालून निर्मळ होऊन गेल्या.

माझ्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात मात्र,
पांढऱ्यावर, नाकाच्या बाजूला, एक मोहरी होती.
आई म्हणायची, ह्याला तीट डोळ्यातच लागलीय,
ह्याला कुणाची दृष्ट लागायची न्हाई.

साठीनंतर मोहरीची मिरी झाली.
मिरी बुबुळाच्या काठाला येऊन बसली.
एकदा कापली, एकदा गोठवली,
मग कानापुढं गाठ, आणि फुफ्फुसात तीन.

डॉक्टर नेसरीकरांनी पॅडच्या मागच्या पानावर चित्र काढलं.
बरं नव्हतं चित्र.
'रक्तात पहारेकरी आहेत तुमच्या. पण चोरानं
त्यांच्या खांद्यावर हात ठेवलाय,
घरचाच माणूस म्हणून सोडतात ते त्याला.
हे औषध तेवढा हात बाजूला करतं.'
म्हणजे औषध मारत नाही?
'नाही. मारायचं ते तुमचं तुम्हीच.'
एवढी वर्षं ओळखपत्रांचे फोटो काढले मी,
चेहरा समोर, कान दोन्ही दिसू देत,
आणि माझ्याच रक्ताला
माणूस ओळखता येईना.

दर तिसऱ्या गुरुवारी मग शाहूपुरीतला तो हॉल.
सिस्टर सुवार्ता शीर शोधते, जिभेनं च्यक् करते,
पिशवीत पाण्यासारखं पाणी.
एका पिशवीत इर्शादच्या दुकानाचं वर्षाचं भाडं.
एन्लार्जर गेला, कागलचा तुकडा गेला,
आनंदीच्या पाटल्या कुठं आहेत हे मी विचारत नाही.
शेजारच्या खुर्चीवर वडणग्याचे एक दूधवाले,
म्हशींची नावं घेत झोपी जातात.

चौथ्या पिशवीनंतर पोट बिघडलं.
अकरा दिवस, दिवसातून चौदा वेळा.
पहारेकरी आता घरातलीच भांडी फोडायला लागले.
गोळ्या देऊन त्यांना जरा आवरलं,
पुन्हा सोडलं.

मग पापण्या पांढऱ्या झाल्या.
आधी डावी, मग भुवई,
मग बोटांची पेरं, मग गळ्याखाली
कोकणचा नकाशा.
गल्लीत कुणीतरी म्हणालं, कोड फुटलं.
नातीच्या स्थळाकडच्यांनी चहा घेतला,
बशी न टेकवता, कप हातातच धरून,
आणि परत आले नाहीत.
आनंदी त्या दिवशी भांडी फार जोरात घासत होती.

नेसरीकरांनी मात्र माझे हात खिडकीशी नेले,
उलटेपालटे केले, हसले.
'काळ्याच्या मागं लागलेत ते,
चोराचं काळं, तुमचं काळं, सगळ्याच.
चांगली खूण असू शकते.'
'असू शकते' हे त्यांनी हळू म्हटलं.

सीटीची फिल्म मी घरी खिडकीला धरली,
सवयीनं तिरकी.
दोन ठिपके नव्हते.
तिसरा होता, पांढरा, मसुरीएवढा.
पांढरं घालवायला पेन्सिल चालत नाही,
ब्लेडनं खरवडावं लागतं, पापुद्र्याचा पापुद्रा,
एक चुकार ओढ आणि काच वाया.
हे काम मला कधीच धड जमलं नाही.
तरी हात ड्रॉवरकडं गेलाच.

काल फाईलसाठी नवा फोटो पाहिजे होता.
माझ्याच खुर्चीत मला बसवून
इर्शादनं काढला, कॉम्प्युटरवर मोठा केला.
कोण हा म्हातारा,
चुन्यात हात घालून आल्यासारखा,
एका डोळ्यावर हिवाळा.
'काका, डाग काढू? एका क्लिकचं काम आहे.'

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.
कान दिसतायत का दोन्ही?
'दिसतायत.'
मग बास. काढ प्रिंट.